साडेचार मिनिटांचं आकाश

इंग्लिश मेटल बँड आयर्न मेडनचे चार चाहते एकत्र बसले की फार वेळ न जाता दहापैकी मार्क देणं सुरू होतं. आधी अल्बमना, मग गाण्यांना, आणि फिरून फिरून गाडी एका प्रश्नाशी येते: अल्बमच्या पहिल्या गाण्यांत पहिला नंबर कोणाचा? ‘इन्व्हेडर्स’ला कोणी पाच-सहाच्या वर जाऊ देत नाही. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’सारख्या अल्बमच्या वाट्याला इतकं बेताचं पहिलं गाणं यावं, ही हळहळ १९८२पासून चालत आलेली आहे. ‘व्हेअर ईगल्स डेअर’ला ड्रम वाजवणारे हमखास नऊ देतात, कारण निको मॅकब्रेन मेडनमध्ये आला तो त्या गाण्याच्या पहिल्या दणक्यासोबत. ‘मूनचाइल्ड’वर जीव टाकणारे वेगळे, ‘द विकर मॅन’वर टाकणारे वेगळे. या दुसऱ्या गटाला गाण्याइतकाच गायक ब्रूस डिकिन्सन बँडमध्ये परत आल्याचा आनंद असतो. आणि मग कोणीतरी ‘एसेस हाय’चं नाव काढतं. नऊ. साडेनऊ. दहा. बहुतेक बैठकींत वाद तिथेच संपतो.

हे मार्क मला मान्य आहेत. त्यांची कारणं मात्र अपुरी वाटतात. गाण्याचा वेग, डिकिन्सनची तार सप्तकातली झेप, आणि मैफलीत गाण्याआधी घुमणारं चर्चिलचं भाषण, अशी तीन कारणं दर वेळी सांगितली जातात. पहिली दोन खरी आहेत, पण ती गाण्याच्या उंबरठ्याशीच थांबतात. तिसरं कारण तर गाण्याच्या विरोधात जातं, असं माझं ठाम मत आहे.

‘एसेस हाय’नं सुरू होणारा ‘पॉवरस्लेव्ह’ हा अल्बम ३ सप्टेंबर १९८४ रोजी आला. मुखपृष्ठावर डेरेक रिग्जनं रंगवलेलं अवाढव्य इजिप्शियन मंदिर आणि मधोमध फेरोच्या रूपात बसलेला एडी, हा मेडनचा शुभंकर. ते कव्हर न्याहाळत रेकॉर्ड लावावी, तर कानांवर इजिप्त येतच नाही. येतं ते १९४० सालच्या उन्हाळ्यातलं इंग्लंडचं आकाश. चाल आणि शब्द दोन्ही बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचे. ध्वनिमुद्रण बहामाजमधल्या नसाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत झालं, निर्माता मार्टिन बर्च. आदल्या ‘पीस ऑफ माइंड’मधले पाचही जण इथे जसेच्या तसे आहेत. लागोपाठ दोन अल्बम एकाच संचानं करण्याची मेडनची ही पहिलीच वेळ, आणि ते ऐकू येतं. कोणी कोणाचा अंदाज घेत नाही. सगळे एकमेकांना गृहीत धरून वाजवतात.

गाणं सुरू होतं ते वेगात नाही. वेगाचंच कौतुक करणारे हे विसरतात. सुरुवातीला डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांच्या दोन गिटार जोडीनं एक चाल मांडतात. लय मध्यम, पावलं ठाम, निकोचे आघात मोजके. जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांचा हा तुकडा पुष्कळांना नुसता प्रवेशद्वारासारखा वाटतो, आणि त्याला कोणी वेगळे मार्क देत नाही. मला विचाराल तर गाण्याचा निम्मा जीव तिथे आहे. पुढे लय एकदम उसळते, ती उसळी अंगावर येते कारण आपण आत्ताच जमिनीवर उभे होतो. पहिल्या क्षणापासून द्रुत लय असती, तर कानांना ती थोड्याच वेळात सवयीची झाली असती. वेगवान म्हणून गाजलेली कितीतरी मेटल गाणी मला याच कारणानं सपाट वाटतात.

त्या काळच्या वैमानिकांचं आयुष्य ज्यांनी वाचलं आहे, त्यांना या सुरुवातीत आणखी एक गोष्ट सापडेल. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात जर्मन हवाई दलाविरुद्ध चाललेल्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये तरुण वैमानिकांचे बरेचसे तास वाट पाहण्यात जात. धावपट्टीच्या कडेला खुर्च्या टाकून, लाइफ जॅकेट अंगात चढवून ते बसलेले असत. झोपडीतला टेलिफोन वाजला की विमानाकडे धाव घ्यायची. गाण्याचे शब्द या धावपळीपासून सुरू होतात. बसून राहण्याबद्दल हॅरिस एक अक्षर लिहीत नाही. ते बसणं त्यानं गिटारकडे सोपवलं आहे.

आणखी एक बारकावा. गाण्याच्या पहिल्याच ओळीत हवाई हल्ल्याचा भोंगा आहे, पण अल्बमवरच्या ट्रॅकमध्ये भोंग्याचा आवाज नाही. विमानाची घरघर नाही, स्फोट नाहीत. १९८४मध्ये असे आवाज जोडणं स्टुडिओत अजिबात अवघड नव्हतं, आणि ते जोडण्याचा मोह होण्यासारखाच हा विषय आहे. बर्च आणि हॅरिस यांनी तो टाळला. जे काही ऐकू येईल ते पाच माणसांच्या गळ्यातून आणि हातांतून. हॅरिस प्लेक्ट्रम न वापरता नुसत्या बोटांनी बास वाजवतो. तार फ्रेटवर आपटल्याचा टकटकाट त्याच्या वाजवण्यात कायम असतो, आणि बर्चनं तो दडपून टाकलेला नाही. वेग वाढल्यावर हेडफोन लावून फक्त बास ऐका. यंत्र सुरू झाल्याची जी जाणीव होते, ती त्या टकटकाटातून होते.

आता शब्द. ही कविता जवळपास नुसत्या क्रियापदांची आहे. धावणं, कॉकपिटमध्ये उडी घेणं, इंजिन चालू करणं, चाकांखालचे ठोकळे काढणं, धावपट्टीवर वेग घेणं. विशेषणं शोधावी लागतात. वैमानिक शूर आहे असं गाणं कुठेही म्हणत नाही, शत्रू क्रूर आहे असंही म्हणत नाही. आपल्याकडे युद्धाचं गाणं म्हटलं की पोवाडा आठवतो. शाहीर आधी मुजरा करतो, मग वीराचं नाव, त्याचं घराणं, गड, तिथी सांगतो, आणि रणात तलवार चालण्याआधीच ऐकणाऱ्याला कळलेलं असतं की आपण कोणाच्या बाजूनं उभे आहोत. हॅरिसच्या गाण्यात यातलं काहीच नाही. वैमानिकाला नाव नाही, गाव नाही, पलटणही नाही. राजा नाही, देशाचं नावसुद्धा नाही. स्पिटफायर आणि एमई-१०९ ही दोन विमानांची नावं येतात, तेवढ्यावरून काळ आणि जागा ओळखायची.

या नावांवरूनही चाहत्यांत चर्चा रंगते, आणि ती रंगायलाच हवी. जर्मनांच्या १०९चं अधिकृत नाव बीएफ-१०९, मग हॅरिसनं एमई का लिहिलं, असं विचारणारे भेटतात. ब्रिटिश वैमानिक एमईच म्हणत, त्यामुळे इथे गाणं अगदी बरोबर आहे. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. त्या लढाईत हॉकर हरिकेनांची संख्या स्पिटफायरहून जास्त होती आणि पाडलेल्या विमानांतला मोठा वाटाही त्यांचाच. शक्यतो हरिकेननं बॉम्बरवर जायचं आणि स्पिटफायरनं सोबतच्या लढाऊ विमानांना अडवायचं, अशी योजना असे. गाण्यात स्पिटफायर आधी बॉम्बरवर जातात. पण आकाशात योजना दर वेळी टिकत नसे, आणि हॅरिसला इतिहासाचा धडा द्यायचा नाही. त्याला कॉकपिटमधल्या खुर्चीतून दिसतं तेवढंच सांगायचं आहे.

ते तो किती नेमकं सांगतो, ते एका तपशिलात पाहा. बॉम्बरच्या झुंडीत शिरल्यावर छोटासा मारा करायचा आणि लगेच वळायचं, असं गाण्यात आहे. ऐकताना ही चपळाई वाटते. प्रत्यक्षात त्यामागे हिशेब आहे. त्या काळच्या स्पिटफायरला आठ ब्राउनिंग मशीनगन असत आणि प्रत्येक गनला साधारण ३०० गोळ्या. चाप सतत दाबून धरला तर पंधरा सेकंदांत सगळा दारूगोळा संपे. म्हणून दोन-दोन, तीन-तीन सेकंदांचे तुकडे. एका माणसाच्या हातात त्या उड्डाणापुरते एवढेच सेकंद असत. हॅरिसच्या ओळींची लांबीही तशीच तोडलेली आहे. डिकिन्सन एकेक ओळ शब्दांनी ठासून भरतो, श्वास तोडतो, पुढच्या ओळीवर जातो. कडव्यात तो आळवत बसत नाही. मग धृपदाआधीच्या भागात शब्द एकदम विरळ होतात. एकेक क्रियापद सुटं पडतं, लांबतं, वर चढतं, आणि मग ती प्रसिद्ध झेप येते. जगणं आणि उडणं एकमेकांवाचून होणार नाही, एवढं एकच वाक्य धृपद उलटसुलट करून सांगतं. इथे उंच स्वर गळ्याची ताकद दाखवायला लावलेला नाही. कडव्यात कोंडलेला श्वास इथे मोकळा होतो, म्हणून तो स्वर आपल्यालाही हवासा वाटतो.

डिकिन्सन पुढे खरोखर वैमानिक झाला, प्रवासी जेट चालवू लागला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हे गाणं त्याच्या अनुभवातून आलं, असा समज पक्का बसला आहे. १९८४मध्ये त्याचं विमान शिकणं अजून काही वर्षं दूर होतं, आणि गाणं त्याचं नव्हेच. कॉकपिटमध्ये कधी न बसलेल्या दोन माणसांनी, एकानं लिहून आणि एकानं गाऊन, ते उभं केलं आहे.

मधल्या दोन सोलोंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उत्तम आहेत. मरेची बोटं तारेवरून वाहत जातात, स्मिथ वाक्यं रचून बोलतो. दोघांची जोडी ज्यांना ओळखू येते त्यांना इथेही येईल.

पण शब्दांतली एक जागा अशी आहे, जिच्याबद्दल मी कोणत्याही बैठकीत फारसं ऐकलेलं नाही. सबंध गाणं ‘आम्ही’चं आहे. आम्हाला वर जायचं आहे, आमच्या मागे शत्रू आला आहे, आमची विमानं वळत आहेत. आठच्या काट्याच्या दिशेनं, सूर्याच्या बाजूनं दहा एमई-१०९ उतरतात, सगळे तोंड फिरवून त्यांच्या समोर जातात, आणि शेवटच्या कडव्याच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘मी’ येतो. गनचा चाप दाबणारा ‘मी’. तो एकदाच येतो. तोवर सगळी तुकडी बोलत होती, मारण्याच्या क्षणी मात्र माणूस एकटा आहे. त्यानंतर काय झालं, हे गाणं सांगत नाही. पुन्हा तीच क्रियापदं, पुन्हा तेच धृपद, आणि गाणं संपतं. तो परतला का, समोरचा पडला का, लढाई कोण जिंकलं, काही नाही. त्या लढाईत उतरलेल्या सुमारे तीन हजार वैमानिक आणि सोबत्यांपैकी पाचशेहून जास्त लढाई संपायच्या आत मारले गेले. निकाल न सांगता गाणं संपवणं, हा त्या आकड्याशी राखलेला प्रामाणिकपणा आहे.

आणि म्हणूनच मला चर्चिल नको आहे.

अल्बमवर चर्चिल नाही. तो येतो व्हिडिओत आणि मैफलीत. १९८५मध्ये आलेल्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’नं त्या भाषणाला गाण्याशी असं काही सांधलं, की आता अनेकांना त्याशिवाय ‘एसेस हाय’ अर्धवट वाटतं. भाषण ४ जून १९४०चं, डंकर्कहून सैन्य माघारी आणल्यानंतर पार्लमेंटमध्ये केलेलं. हवाई लढाई तेव्हा महिनाभर दूर होती. आपण ऐकतो तो आवाजही त्या दिवशीचा नाही. चर्चिलनं ते भाषण १९४९मध्ये ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा वाचलं, तो हा आवाज. मेडन वापरते तो तुकडा कधीही शरण न जाण्याच्या निर्धारावर थांबतो आणि गिटार सुरू होतात. रोमांच उभे राहतात, हे मी नाकारत नाही. पण भाषणातलं वाक्य तिथे संपत नाही. ते पुढे समुद्रापारच्या साम्राज्यावर जातं: हे बेट पडलंच, तर ते साम्राज्य लढा चालू ठेवेल.

त्या साम्राज्यात आपण होतो. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेडननं वांद्रे-कुर्ला संकुलात ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगभराच्या दौऱ्याची पहिली मैफल केली. डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला मुंबईत घेऊन आला होता. त्या मैफलीची सुरुवात याच गाण्यानं झाली, आणि ‘फ्लाइट ६६६’ या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवरचं पहिलं गाणं म्हणून तीच मुंबईची ‘एसेस हाय’ कायमची नोंदली गेली आहे. मराठी मेटल चाहत्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्या ध्वनिमुद्रिकेवर गाण्याआधी मुंबईच्या आकाशाखाली घुमतो तो चर्चिलचा आवाज. ज्या शहरात ऑगस्ट १९४२मध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना त्याच चर्चिलच्या सरकारनं उचललं, ते हे शहर. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं मेली आणि त्याच्या मंत्रिमंडळानं धान्याची जहाजं द्यायला हात आखडता घेतला. मी बँडला दोष देत नाही. ज्यांच्या आजोबांच्या डोक्यावर बॉम्ब पडले, त्यांनी तो आवाज जपावा. माझं म्हणणं गाण्यापुरतं आहे. भाषण लागलं की गाण्याला झेंडा मिळतो, नेता मिळतो, आणि ज्याचं नाव-गाव मुद्दाम पुसलं होतं त्या वैमानिकावर मालकी सांगणारा कोणीतरी उभा राहतो. अल्बमवरच्या खुर्चीत कोणीही बसू शकतं. मुंबईतला मुलगाही बसू शकतो, कोणाचं साम्राज्य वाचवायला न जाता.

या अल्बमच्या गाण्यांची बरीचशी जुळवाजुळव जर्सी या चॅनेल बेटावर झाली, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. बेट राखू, शरण जाणार नाही, असं सांगणाऱ्या भाषणाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा १ जुलै १९४० रोजी जर्सी लढाईशिवाय जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि पाच वर्षं राहिलं. ब्रिटिश सैन्य तिथून आधीच काढून घेतलेलं होतं. जर्मनांनी बांधलेले काँक्रीटचे बुरूज तिथल्या किनाऱ्यावर अजून उभे आहेत. ज्या जागी भाषण खोटं ठरलं, त्या जागी तयार झालेल्या अल्बममध्ये भाषण नाही.

आणि ‘पॉवरस्लेव्ह’च्या दौऱ्याची पहिली मैफल कुठे झाली? वॉर्सात, ९ ऑगस्ट १९८४ रोजी, अल्बम बाजारात यायच्याही आधी. पोलंड तेव्हा सोव्हिएत गटात होता. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये १४५ पोलिश वैमानिक लढले होते, आणि त्यांच्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कामगिरी त्या लढाईतल्या सर्वोत्तम कामगिऱ्यांत गणली जाते. ते लढले तेव्हा त्यांचा देश नकाशावर उरला नव्हता, आणि युद्ध जिंकल्यावर तो स्टालिनच्या हाती गेला. अशा वैमानिकांच्या नातवंडांसमोर हे निनावी ‘आम्ही’ किती वेगळं लागलं असेल!

ज्यांना मैफलीचं रूप जास्त आवडतं, त्यांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. गळा तापायच्या आत, रात्रीच्या पहिल्याच गाण्यात इतक्या उंचावर जायचं, ही गायकाची रोजची परीक्षा आहे. २०१८च्या ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ दौऱ्यात स्टेजवर खऱ्या आकाराची स्पिटफायरची प्रतिकृती तरंगत असे आणि तिच्याखाली एकोणसाठ वर्षांचा डिकिन्सन हेच गाणं पहिलं म्हणत असे. त्याआधी तीन वर्षं त्याच्या जिभेच्या कर्करोगावर उपचार झाले होते. ते ऐकताना भाषणाबद्दलचा माझा आक्षेप मी पाच मिनिटं बाजूला ठेवतो.

पहिलं गाणं अल्बमसाठी काय करतं, हेही मार्क देताना पाहायला हवं. ‘एसेस हाय’नंतर लगेच येतं ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’, युद्धाचा धंदा करणाऱ्यांवर तुटून पडणारं. आत्ता जे धैर्य आपल्या अंगात भिनलं होतं, ते कोणाच्या हिशेबाच्या वहीत जमा होतं, हा प्रश्न दुसरंच गाणं विचारतं. मग तलवारबाज येतात, मरणाला सामोरा जाणारा फेरो येतो, आणि शेवटी साडेतेरा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, तेही हॅरिसचं, एकाच्या हातून झालेल्या हत्येची किंमत सगळ्यांनी मोजण्याचं. सबंध अल्बम मृत्यूला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो. पहिल्या गाण्यात तो मागून, सूर्याच्या दिशेनं येतो आणि विचार करायला वेळ देत नाही. शेवटच्या गाण्यात विचाराशिवाय काही उरत नाही. ही दोन टोकं एकाच माणसानं लिहिली आहेत, म्हणून ‘एसेस हाय’ला सुटे मार्क देताना माझा हात थोडा थांबतो.

तरी देतो. भाषणासह ऐकलेल्या रूपाला आठ. अल्बमवरच्या रूपाला साडेनऊ. कापलेला अर्धा मार्क त्या ‘मी’साठी आहे. हॅरिस या कवीनं तिथे गाण्याचा कणाच फिरवला, पण हॅरिस या संगीतकाराच्या ते लक्षात आलं नसावं. ओळ संपते आणि बँड पहिल्या वेळी गेला होता त्याच वाटेनं, त्याच आवेशानं पुढे निघून जातो. तिथे निकोचा एखादा वेगळा आघात आला असता, किंवा दोघांतली एक गिटार चार मात्रा गप्प राहिली असती, तर मी दहा दिले असते.